परिवर्तनकाळाचा आधार : झाशीतील सेंद्रिय शेती आणि शासकीय अर्थसाहाय्य

रासायनिक शेती सोडून सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्या शेतकऱ्याची खरी कसोटी पहिल्या दोन-तीन वर्षांत लागते. रासायनिक खते थांबविल्यानंतर जमिनीतील सूक्ष्मजीवांचे कार्य पूर्ववत होण्यास अवधी लागतो आणि तोवर उत्पादन बहुधा घटते. त्याच काळात माल 'सेंद्रिय' म्हणून विकताही येत नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांसाठी हा परिवर्तनकाळ सर्वसाधारणपणे पेरणीपूर्वीची दोन वर्षे, तर बहुवर्षायू पिकांसाठी पहिल्या काढणीपूर्वीची तीन वर्षे असतो. उत्पादन कमी आणि भाव नेहमीचाच, अशी ही कोंडी आहे. शासकीय अर्थसाहाय्याचे प्रयोजन याच कोंडीत शोधले पाहिजे.

केंद्र शासनाने २०१५-१६ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना सुरू केली. शेतकऱ्यांच्या गटांमार्फत राबविल्या जाणाऱ्या या योजनेत आरंभी तीन वर्षांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये देय होते आणि त्यांतील ३१ हजार रुपये निविष्टांसाठी होते. २०२२-२३ पासूनच्या सुधारित रचनेत एकूण रक्कम ३१,५०० रुपये झाली. त्यांतील १५ हजार रुपये निविष्टांसाठी थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होतात. उर्वरित रक्कम प्रशिक्षण, प्रमाणीकरण, वेष्टन व विपणन यांवर खर्च होते. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती हेक्टरी वार्षिक ५ हजार रुपये, एकरी सुमारे २ हजार रुपये येतात. घटलेल्या उत्पन्नाची ही भरपाई नव्हे; निविष्टांच्या खर्चाला लावलेला तो हातभार आहे. परीक्षार्थींनी हा भेद ध्यानात ठेवावा, कारण योजनेच्या मर्यादा त्यातूनच स्पष्ट होतात.

राणी लक्ष्मीबाईंमुळे मराठी वाचकाला परिचित असलेला झाशी जिल्हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. बुंदेलखंडातील राकड व पडुआ या हलक्या तांबड्या जमिनी, बेभरवशाचा पाऊस आणि हरभरा, वाटाणा, उडीद, तीळ यांसारखी पिके हे येथील शेतीचे स्वरूप. कडधान्ये मुळांवरील गाठींतील जीवाणूंमुळे हवेतील नत्र स्थिर करतात. त्यामुळे त्यांना नत्रखत थोडेच लागते आणि ते बंद केल्याचा फटकाही तुलनेने सौम्य असतो. गव्हाची गोष्ट मात्र वेगळी आहे. बाहेरून मिळणाऱ्या नत्रावर तो अधिक अवलंबून असतो.

उत्तर प्रदेश शासनाने बुंदेलखंडातील सातही जिल्ह्यांत गो-आधारित नैसर्गिक शेतीचा कार्यक्रम हाती घेतला. तिचा कणा असलेले जीवामृत विदर्भातील सुभाष पाळेकर यांच्या प्रसारामुळे देशभर पोचले. शेण, गोमूत्र, गूळ व बेसन हे त्यातील मुख्य घटक. अडचण उद्भवते ती येथेच. या प्रदेशात 'अन्ना प्रथा' म्हणून ओळखली जाणारी, भाकड जनावरे मोकाट सोडण्याची रीत आहे. मोकाट जनावराचे शेण-गोमूत्र गोळा होत नाही, आणि उभे पीक मात्र त्याच्या तोंडी जाते. गाय दावणीला बांधायची तर चारा हवा. राज्याच्या गोवंश सहभागिता योजनेत (२०१९) निराश्रित जनावर सांभाळणाऱ्यास प्रतिदिन ३० रुपये मिळू लागले, ते पुढे ५० करण्यात आले. सेंद्रिय शेतीच्या चर्चेत या योजनेचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक झाशीत ती निविष्टांच्या अनुदानाइतकीच महत्त्वाची ठरावी. चाऱ्यावर संशोधन करणारी भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था १९६२ पासून याच शहरात आहे, हेही लक्षणीय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मान्यता दिली. त्यात १५ हजार समूह आणि १० हजार जैव-निविष्टा केंद्रांची तरतूद आहे. स्वतःचे पशुधन नसलेल्या शेतकऱ्याला तयार जीवामृत मिळावे, हा या केंद्रांमागील हेतू.

उरतो प्रश्न बाजाराचा. परंपरागत कृषी विकास योजनेतील गट प्रामुख्याने सहभागी हमी पद्धतीने प्रमाणित होतात. गटातील शेतकरीच परस्परांच्या शेतांची पाहणी करतात. ही पद्धत स्वस्त असली, तरी तिच्या आधारे माल सेंद्रिय म्हणून निर्यात करता येत नाही. त्यासाठी त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र आवश्यक असते. झाशीच्या तिळाला परदेशी ग्राहक मिळवून द्यायचा असेल, तर त्या प्रमाणपत्राचा खर्च गटाला आधीपासूनच हिशेबात धरावा लागतो.