जुनी रायफल आणि पाव मिलिमीटर

शीर्षक वाचून रेक्टर सरांनी घाबरू नये. होस्टेलमध्ये कुणी रायफल आणलेली नाही! विषय आहे एका जुन्या लष्करी रायफलीचा, आणि ती दुरुस्तीला भरवशाने कुणाच्या हातात द्यायची याचा. मेट्रॉलॉजीच्या तासाला ज्यांना झोप येते त्यांनी तर जरूर वाचावा.

माझा मामा अमेरिकेत, ओहायोमध्ये असतो. त्याचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले. यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच रेजिमेंट. पणजोबांच्या एकुलत्या एक फोटोत त्यांच्या हातात ली-एनफिल्ड आहे, आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतो ती. गेल्या वर्षी मामाने तिकडे तशीच एक विकत घेतली. नंबर १ मार्क ३, मुकुटाखाली जी.आर.आय. अक्षरं, खाली इशापूर, १९४२. म्हणजे आपल्या बंगालमधल्या फॅक्टरीत बनलेली बंदूक ओहायोत जाऊन बसलेली!

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भारतात .३०३ बोअर प्रोहिबिटेड वर्गात येतं, आणि १९५९ च्या आर्म्स अॅक्टप्रमाणे धंदा म्हणून बंदूक नुसती दुरुस्त करायलासुद्धा लायसन्स लागतं. एनसीसीत आम्ही ड्रिलला उचलतो त्या डीपी रायफली मुद्दाम निकामी केलेल्या असतात. तेव्हा हे सगळं तिकडचं आहे, इथे कुणी डोकं लावू नये.

तर मामाचा फोन. "अगं, तू मेकॅनिकलची ना? बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर वेगळा आहे. चालेल का?"

चालेल का, ते नंबर बघून कळत नाही, मोजावं लागतं. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, तिला रिम म्हणतात. रिम नळीच्या मागच्या तोंडाला टेकते आणि मागून बोल्ट येऊन बसतो. त्या दोघांमधली जागा म्हणजे हेडस्पेस. ली-एनफिल्डसाठी ती ०.०६४ इंचापेक्षा कमी नको आणि लष्करी मापाने ०.०७४ पेक्षा जास्त नको. फरक किती? ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटर! जागा जास्त असेल तर गोळी उडताना पितळी केस मागे ताणली जाते, बुडाजवळ पातळ होते आणि कधीतरी तिथेच तुटते. आत दाब चौरस इंचाला चाळीस हजार पौंडांच्या वर. तो गॅस मागे आला तर पुढे काय होतं ते मी लिहीत नाही, कारण मागे चेहरा असतो.

बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर हे माप बिघडलेलं असू शकतं. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅमला प्रूफ हाउस आहेत, तिथे कायद्याने बंदूक जास्त दाबावर तपासून शिक्का मारून मिळतो. अमेरिकेत अशी सक्ती नाही. मग उरतो तो गनस्मिथ, आणि तो कसा आहे यावर सगळं.

मामाने आसपासचे तीन गनस्मिथ गाठले. तिघांकडेही फेडरल फायरआर्म्स लायसन्स होतं, म्हणजे कागद बघून निवड होण्यासारखी नव्हती. (लायसन्स आहे का ते विचारायचंच. रात्रभर बंदूक ठेवून घेतली की वहीत नोंद करणं त्यांना बंधनकारक असतं. नोंद न करणारा माणूस बाकी काय करत असेल कोण जाणे.) पहिला म्हणाला, दोन गोळ्या उडवून बघू. अरे, पण उडवायची की नाही हेच तर विचारायला आलोय! दुसऱ्याने हौसेने सांगितलं की पुढचं लाकूड कापून, पॉलिश मारून, दुर्बीण बसवून मस्त शिकारी रायफल करून देतो. ऐंशी वर्षांचे शिक्के घासून टाकायला निघालेला माणूस, मामाने रायफल उचलली आणि बाहेर पडला.

तोपर्यंत मी लायब्ररीत आणि वर्कशॉपच्या सरांचं डोकं खाऊन मामासाठी काही प्रश्न काढून ठेवले होते. माझ्या मते त्यातले दोन फार चांगले आहेत.

एक: बट काढायचा असेल तर सुरुवात कुठून कराल? साधा माणूस म्हणेल, बटच्या मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून बोल्ट फिरवायचा. नंबर १ रायफलमध्ये हे उत्तर चूक. त्या स्टॉक बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेलं असतं. लाकूड जागेवर असताना फिरवलंत की ते चिरतं. आधी पुढचं लाकूड काढायचं, मग बट. हे ज्याला माहीत नाही त्याने ही रायफल कधी उघडलेली नाही.

दोन: नळीचं आतलं माप कसं घ्याल? मऊ शिशाची गोळी नळीतून हळूहळू ढकलून बाहेर काढायची आणि ती मोजायची, हे बरेच जण सांगतील. पण या नळीत आटे पाच. पाच म्हणजे विषम! एका खाचेच्या बरोबर समोर दुसरी खाच येतच नाही, तिथे उंचवटा येतो. साध्या मायक्रोमीटरने व्यास मिळणारच नाही. त्याला १०८ अंशांचा व्ही-अॅनव्हिल मायक्रोमीटर लागतो. आपल्या लॅबच्या कपाटात तसा एक आहे, पाच फ्लूटच्या रीमरसाठी. तो कशाला असतो हे मला तेव्हा कळलं.

तिसरा गनस्मिथ सत्तरीचा, पूर्वी मशिनिस्ट होता. मामाने प्रश्न विचारायच्या आधी त्यानेच विचारायला सुरुवात केली. भरलेली नाही ना? बोल्ट वेगळा काढून आणलात का? कुठला दारूगोळा वापरणार? मग मामाच्या प्रश्नांवर तो हसला आणि दोन्ही उत्तरं बरोबर दिली. गेज लावला. ०.०७४ च्या गेजवर बोल्ट सरळ बंद झाला, म्हणजे नापास.

मला वाटलं, आता बोल्टचं डोकं बदललं की झालं. नंबर ४ रायफलला ०, १, २, ३ असे चढत्या लांबीचे बोल्ट हेड मिळतात, नंबर १ ला तसे नंबर नाहीत, डबा घेऊन एकेक लावून बघावं लागतं. पण म्हाताऱ्याने आधी डब्याला हात लावला नाही. त्याने बोल्टला निळा रंग लावला. ओळखलंत? फर्स्ट इयरला फिटिंगच्या जॉबवर आपण घासून घासून वैतागायचो तो प्रशियन ब्लू! ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला दोन ठिकाणी अडतो, डावीकडे छोटा लग आणि उजवीकडे लांब रिब. निळा रंग फक्त डावीकडे पुसला गेला. म्हणजे सगळा धक्का एकच बाजू झेलत होती. दुसऱ्याच रायफलीत बसलेल्या बोल्टचं हे नेहमीचं दुखणं.

आता क्रम बघा. लग घासून दोन्ही बाजू टेकवल्या की बोल्ट किंचित मागे जातो आणि हेडस्पेस आणखी वाढते. म्हणून आधी लग, हेड सगळ्यात शेवटी. हेड आधी बदललं असतं तर ते काम फुकट गेलं असतं. शिवाय लगवर फक्त वरचा थर कडक केलेला असतो. जास्त घासलं तर तो थर संपून मऊ लोखंड उघडं पडतं. म्हाताऱ्याने चिठ्ठीवर लिहून दिलं की थोडं घासून जमलं तर करीन, नाहीतर थांबून दुसरा बोल्ट शोधीन, आणि पैसे कुठल्या कामाचे किती. मामा म्हणाला, "मी नाही म्हणणार नाही हे त्याला माहीत होतं, तरी लिहून दिलं बघ."

पाच आठवडे लागले. थोडं घासून जमलं. लाकडाला त्याने फक्त जवसाचं तेल दिलं, शिक्के जसेच्या तसे. काढलेलं जुनं हेड पिशवीत घालून, चिठ्ठी बांधून परत दिलं. जुना सरप्लस दारूगोळा वापरलात तर त्याच दिवशी नळीत उकळतं पाणी ओता, असंही बजावलं, कारण जुन्या प्रायमरचं मीठ नळीत राहतं आणि नुसत्या तेलाने ते जात नाही.

मामाने रेंजवर पहिल्या दिवशी नव्या दहाच गोळ्या उडवल्या. प्रत्येक रिकामी केस उचलून तिच्या बुडाजवळ चकचकीत रेघ आली आहे का ते पाहिलं. केस ताणली जात असेल तर तशी रेघ येते. दहापैकी एकीवरही आली नव्हती.