सावलीचा तराफा व लहान होडी

रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत एका घरीं नारळीची बाग तर शेजारच्या घरीं होडी, अशी स्थिति पुष्कळ गांवीं आढळते. बागेंतील झावळी मासळी धरण्याच्या कामीं कशी येते, व त्यांत धोका कोणता, हें येथें सांगावयाचें आहे.

उघड्या समुद्रांत ओंडका तरंगत असला म्हणजे त्याखालीं बारीक मासळी आश्रयास जमते. तिच्या मागोमाग सुरमई, कुपा यांसारखी मोठी मासळी येते. याच अनुभवावर ही युक्ति उभारलेली आहे. बांबूंचा तराफा बांधून त्याखालीं झावळ्यांच्या माळा सोडतात, आणि दोरानें जड दगडास बांधून तो एका जागीं ठेवितात. दोर पाण्याच्या खोलीहून बराच लांब असावा; ताठ राहिल्यास तो लाटांच्या ओढीनें तुटतो. माळेस जुनें जाळें बांधूं नये. त्यांत कासवें गुरफटून मरतात, आणि वेळासच्या पुळणीवर अंडीं घालणारीं कासवें याच समुद्रांतून येतात. तराफ्यावर निशाण असावें, रात्रीं दिसेल अशी खूण असावी, आणि मृगापूर्वीं तो किनाऱ्यावर आणावा.

उलांडीच्या होडीस लाभ उघड आहे. मासळीच्या शोधांत खर्चणारें तेल व वेळ हीं वाचतात, आणि गळानें निवडक मासळी धरतां येते.

परंतु खळ्यावर रास केल्यानें पीक वाढत नाहीं. तें उचलणें धन्यास सोपें होतें, तसेंच दांडग्यासहि सोपें होतें. तराफाहि मासळी गोळा करतो, निपजवीत नाहीं. फिलिपाइन्समध्यें अशा तराफ्यांस 'पायाव' म्हणतात. १९७० नंतरच्या दशकांत पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौकांनीं तीच युक्ति उचलली, आणि कुप्याचीं पिलेंहि वाढण्यापूर्वींच जाळ्यांत येऊं लागलीं. कर्नाटकाच्या समुद्रांत नारळ उतरल्यावर राहिलेल्या रिकाम्या पेंडी बुडवून म्हाकूळ जातीची मासळी धरण्याचा प्रघात पडला. ही मासळी तेथें अंडीं घालण्यास येते; म्हणजे बियाण्याचेंच धान्य दळण्यास काढण्यासारखें झालें. त्यावरून स्थानिक मच्छिमारांशीं तंटेहि झाले.

आपल्या जिल्ह्यांतहि पर्ससीन नौका व लहान होड्या यांचा वाद आहेच. प्रखर विजेचे दिवे लावून मासळी जमविणें ही याच जातीची युक्ति. ती केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०१७ मध्यें निषिद्ध केली. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा असून २०२१ च्या दुरुस्तीनें दंड वाढविण्यांत आला. तथापि दूर समुद्रांतील प्रत्येक तराफ्यावर सरकारी पहारा राहणें शक्य नाहीं.

म्हणून तराफा सोडण्यापूर्वीं गांवच्या मच्छिमार सोसायटीनें सभा भरवून पुढील गोष्टी ठरवाव्या :

१. तराफ्याभोवतीं गळाशिवाय कांहीं वापरूं नये.
२. होड्यांची पाळी बांधून द्यावी.
३. अंड्यांवर आलेली मासळी दिसूं लागतांच धरणें थांबवावें.
४. मिळालेल्या मासळीचें वजन रोज वहींत टिपावें. वजन उतरूं लागल्यास तराफा काढून घ्यावा.
५. मत्स्यव्यवसाय खातें व बंदर अधिकारी यांस जागा आगाऊ कळवून परवानगी घ्यावी.

झावळ्या व बांबू आपल्या बागेंत आहेतच. रास घालण्याआधीं राखण ठरवावी, एवढेंच सांगणें आहे.