तांदळावरची बुरशी आणि माणसाचे हृदय
(सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांच्या संशोधनाचा परिचय)

पावसाळ्याच्या दिवसांत उघडी राहिलेली भाकरी दोन-तीन दिवसांनी पाहावी. तिच्यावर प्रथम पांढऱ्या तंतूंचे जाळे चढते आणि मग हिरवे, काळे ठिपके उमटू लागतात. लोणच्याची बरणी, चामड्याची चप्पल, ओलसर भिंत, पेटीत ठेवलेली जुनी वही, यांपैकी काहीही बुरशीच्या तावडीतून सुटत नाही. बुरशी म्हणजे नासाडी, असे समीकरण आपल्या मनात पक्के झालेले असते. परंतु याच उपेक्षित जीवसृष्टीकडे जिज्ञासेने पाहणाऱ्या एका संशोधकाने हृदयविकारावरील एका फार मोठ्या औषधसमूहाचा पाया घातला. त्यांचे नाव अकिरा एंडो. त्यांच्या कार्याची ओळख विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

कवकांची सृष्टी

बुरशी, अळंबी आणि यीस्ट (किण्व) या सर्वांचा समावेश शास्त्रज्ञ ‘कवक’ या एकाच गटात करतात. कवके वनस्पती नव्हेत, कारण त्यांच्यात हरितद्रव्य नसते आणि सूर्यप्रकाशापासून ती अन्न तयार करू शकत नाहीत. ती प्राणीही नव्हेत. ज्या पदार्थावर ती वाढतात, त्यावर ती पाचक विकरे सोडतात, अन्नाचे बाहेरच विघटन करतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. बुरशीचे शरीर तंतूंचे असते. यीस्ट मात्र एकपेशीय असून बहुधा अंकुरणाने वाढते. पाव फुगविणारे यीस्ट सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्या पेशीची अंतर्गत रचना आपल्या पेशीशी इतकी मिळतीजुळती आहे की, माणसाच्या पेशीतील अनेक क्रियांचा उलगडा शास्त्रज्ञांनी प्रथम यीस्टमध्ये केला. 1996 साली या यीस्टचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे सहा हजार जनुके आढळली.

आजवर कवकांच्या सुमारे दीड लाख जातींचे शास्त्रीय वर्णन झाले आहे. पृथ्वीवर प्रत्यक्षात 22 ते 38 लाख जाती असाव्यात, असा अंदाज 2017 साली मांडला गेला. म्हणजे या सृष्टीचा फार मोठा भाग आपल्याला अद्याप अपरिचित आहे.

कवकांना पळता येत नाही. एकाच दाण्यावर, एकाच पानावर शेकडो सूक्ष्मजीव अन्नासाठी झगडत असतात. अशा वेळी अनेक कवके प्रतिस्पर्ध्याची वाढ रोखणारी रसायने तयार करतात. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलियम या बुरशीभोवती जिवाणू नाहीसे झालेले दिसले, त्याचे कारण असेच एक रसायन होते. पुढे त्यापासून पेनिसिलिन हे प्रतिजैविक मिळाले.

शेतकऱ्याचा मुलगा

अकिरा एंडो यांचा जन्म 1933 साली उत्तर जपानमधील अकिता प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. अळंबी आणि बुरशी यांची गोडी त्यांना आजोबांमुळे लागली. त्या भागात एक अळंबी उगवते. ती माश्यांना मारते, पण माणसाला मात्र अपाय करीत नाही. एकच पदार्थ एकाला विष आणि दुसऱ्याला निरुपद्रवी कसा, या प्रश्नाने त्या मुलाच्या मनात घर केले. पुढे फ्लेमिंग यांचे चरित्र वाचून त्यांची ओढ अधिकच दृढ झाली.

सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात कृषिशास्त्राचे शिक्षण घेऊन 1957 साली ते टोकियोतील सान्क्यो या औषध कंपनीत रुजू झाले. फळांचा रस गढूळ करणाऱ्या पेक्टिनचे विघटन करील असे विकर शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. सुमारे अडीचशे कवके तपासून द्राक्षांवर वाढणाऱ्या एका बुरशीत त्यांना ते विकर सापडले. हवा तो गुण कवकांच्या विविधतेत चिकाटीने शोधला तर सापडतो, हा धडा त्यांना येथेच मिळाला.

1966 ते 1968 या काळात ते न्यूयॉर्क येथे संशोधनासाठी राहिले. तेथील समाजात हृदयविकाराचे प्रमाण किती मोठे आहे, हे त्यांनी जवळून पाहिले. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले की ते रोहिणींच्या भित्तींत साचते, रक्ताचा मार्ग अरुंद होतो आणि हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढतो. शरीराला लागणारे बरेचसे कोलेस्टेरॉल शरीरातच, विशेषतः यकृतात, तयार होते. ही निर्मिती अनेक टप्प्यांनी होते आणि तिचा वेग प्रामुख्याने एका विकरावर अवलंबून असतो. त्याचे नाव एचएमजी-कोए रिडक्टेज.

सहा हजार कवकांची परीक्षा

एंडो यांचा तर्क साधा पण मूलगामी होता. कवकांच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉलशी नाते सांगणारे अर्गोस्टेरॉल असते आणि त्याच्या निर्मितीसाठीही हेच विकर लागते. मग एखाद्या बुरशीने आपल्या प्रतिस्पर्ध्याचे हे विकर बंद पाडणारे शस्त्र तयार केले नसेल कशावरून? तसे असेल, तर ते माणसाच्या यकृतातील विकरालाही आवर घालू शकेल.

1971 साली त्यांनी काही सहकाऱ्यांसह शोध आरंभिला. प्रत्येक बुरशी द्रवात वाढवायची, तो द्रव गाळायचा आणि उंदराच्या यकृताच्या अर्कात मिसळून कोलेस्टेरॉलची निर्मिती थांबते का, ते पाहायचे. हे काम एकसुरी होते आणि फळाची हमी कोणीच देऊ शकत नव्हते. पहिले आशादायक द्रव्य मिळाले, ते मूत्रपिंडाला घातक निघाले. दोन वर्षांत सुमारे सहा हजार कवके तपासून झाली. अखेर क्योटो येथील एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरील निळसर-हिरव्या बुरशीने यश दिले. ती पेनिसिलियम सिट्रिनम ही जात होती. 1973 साली तिच्यापासून शुद्ध द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे ते कॉम्पॅक्टिन या नावाने ओळखले गेले. स्टॅटिन वर्गातील हे पहिले द्रव्य होय.

उंदरांत अपयश, कोंबड्यांत यश

परीक्षानळीत प्रभावी ठरलेले हे द्रव्य उंदरांना दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल कमी झालेच नाही. अशा प्रसंगी बहुतेक संशोधने गुंडाळली जातात. एंडो यांनी मात्र औषधाला दोष देण्यापूर्वी चाचणीच्या पद्धतीवर शंका घेतली. उंदराच्या रक्तात अपायकारक कोलेस्टेरॉल मुळातच थोडे असते. शिवाय औषधाने विकर रोखताच त्याचे यकृत तेच विकर अधिक प्रमाणात तयार करू लागते.

त्यांना अंड्याच्या पिवळ्या बलकाची आठवण झाली. बलकात कोलेस्टेरॉल विपुल असते, तेव्हा अंडी देणाऱ्या कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर असणार. 1976 साली एका सहकाऱ्याच्या मदतीने कोंबड्यांवर प्रयोग झाला आणि त्यांचे कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. त्यानंतर कुत्र्यांवरील प्रयोगही यशस्वी ठरले.

1978 साली ओसाका येथील डॉक्टरांनी आनुवंशिक दोषामुळे कोलेस्टेरॉल अतिशय वाढलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला हे औषध दिले. कोलेस्टेरॉल उतरले, पण स्नायूंत अशक्तपणा आल्याने औषध थांबवावे लागले. नंतरच्या रुग्णांना कमी मात्रा देण्यात आली आणि चांगला गुण आला. तरीही 1980 साली, फार मोठ्या मात्रेने कुत्र्यांना कर्करोग होत असावा या शंकेवरून, कंपनीने कॉम्पॅक्टिनच्या चाचण्या थांबविल्या.

तोपर्यंत एंडो कंपनी सोडून टोकियोतील कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात गेले होते. तेथे मोनास्कस या तांबड्या बुरशीत त्यांना त्याच वर्गातील आणखी एक द्रव्य सापडले. पूर्व आशियात भाताला तांबडा रंग आणण्यासाठी ही बुरशी पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. त्याच सुमारास अमेरिकेतील मर्क कंपनीला अॅस्परजिलस टेरियस या बुरशीत तेच द्रव्य मिळाले. लोव्हास्टॅटिन या नावाने 1987 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि ते बाजारात येणारे पहिले स्टॅटिन ठरले. आज जगभर कोट्यवधी लोक या वर्गातील औषधे घेतात. एंडो यांना या औषधांच्या विक्रीतून धनलाभ झाला नाही. 2008 साली त्यांना वैद्यकशास्त्रातील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. 2024 साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

विविधतेचे भांडार

सहा हजारांतील एकच कवक उपयोगी ठरले, म्हणून उरलेली निरुपयोगी होती असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांच्याकडे विचारलेला प्रश्न एकच होता. दुसरा प्रश्न विचारला असता, तर कदाचित दुसऱ्याच बुरशीने उत्तर दिले असते. म्हणूनच कवकांचे आणि यीस्टचे शुद्ध संवर्ध जतन करणाऱ्या संस्थांना मोठे महत्त्व आहे. असे दोन मोठे संग्रह आपल्या पुण्यात आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा, तर आघारकर संशोधन संस्थेत कवकांचा राष्ट्रीय संग्रह आहे. जंगल तुटते, पाणथळ जागा बुजविली जाते, तेव्हा वृक्षांबरोबर अशी कितीतरी कवके नोंद होण्यापूर्वीच नाहीशी होतात. त्यांच्याबरोबर कोणते औषध गेले, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

आपल्या शाळेच्या आवारातही पहिल्या पावसानंतर कुजक्या लाकडावर अळंब्या उगवतात. त्या तोडू नयेत, अनोळखी अळंबी तोंडात तर मुळीच घालू नये. ती कोठे उगवली, कोणत्या दिवशी दिसली, तिचा रंग आणि आकार कसा होता, एवढे वहीत लिहून ठेवावे. अकिता प्रांतातील त्या मुलाच्या शास्त्राध्ययनाचा आरंभही एका अळंबीविषयीच्या प्रश्नापासूनच झाला होता.