जुन्या शिकारी सुरीची डागडुजी

मुठा नदीकाठचे वारजे १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेत गेले. तत्पूर्वी ते हवेली तालुक्यातील एक शेतीचे गाव होते. अशा गावांतील जुन्या घरांच्या माळ्यावर मोडका नांगर, पाभर यांच्या संगतीस कधीकधी एखादी शिकारी सुरीही पडलेली आढळते. शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संपले. सुरीचे पोलाद मात्र बहुधा शाबूत असते. रोपाची पिशवी चिरणे, दोर कापणे, छाटणीतील बारीक फांदी उतरविणे, बांधावर फळ कापणे अशा नित्याच्या कामांस ती उत्तम उपयोगी पडते. ग्रामसेवकांनी याविषयी पुढील माहिती शेतकऱ्यांस समजावून द्यावी.

पोलादी पात्याचे खरे मोल त्याला दिलेल्या 'पाण्यात' असते. लोहार पाते लाल तापवून तेलात वा पाण्यात विझवितो व नंतर मंद आचेवर पुन्हा किंचित तापवितो. त्यामुळे धार टिकते आणि पाते ठिसूळही राहत नाही. हे पाणी उतरविण्यास यंत्राच्या सहाणेवरील काही क्षण पुरतात. पोलाद सुमारे २३० अंश सेल्सिअसला गवती पिवळे, २८० च्या आसपास जांभळे व ३०० अंशांच्या सुमारास निळे दिसू लागते. धारेवर निळी झाक आली की तेवढा भाग मऊ पडला असे समजावे. मग कितीही परजले तरी धार दोन दिवस टिकत नाही, आणि दोष मात्र जुन्या पोलादाला दिला जातो! म्हणून अशी सुरी फिरत्या सहाणेवर देऊ नये, हातानेच घासावी.

प्रथम गंज काढावा. पाते रात्रभर रॉकेलमध्ये, ते न मिळाल्यास डिझेलमध्ये, विस्तवापासून दूर ठेवावे. सकाळी पितळी तारेच्या ब्रशाने किंवा लाकडाच्या चपट्या कपचीने तांबडा गंज खरवडावा. चिंचेच्या कोळानेही गंज सुटतो. परंतु आंबटपणा पात्यावर राहिल्यास नवा गंज चढतो, यास्तव धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पाते लगेच कोरडे करावे. काळसर, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्यावा. तो अपायकारक नाही. आरशासारखी चकाकी आणण्याच्या नादात पाते विनाकारण झिजते.

यानंतरची तपासणी कोणीही टाळू नये. मूठ व पाते यांच्या सांध्यापाशी रॉकेल चोळून पुसून घ्यावे व वर खडूची पूड भुरभुरावी. थोड्या वेळाने पुडीवर ओलसर रेघ उमटली तर तेथे चीर आहे. अशी सुरी जोर देताच मोडते आणि तुटलेले टोक कापणाऱ्याच्याच हातात शिरू शकते. ती कामास घेऊ नये, हौसेने भिंतीवर टांगावी.

मूठ हलत असल्यास आत पाहावे. कित्येक जुन्या सुऱ्यांत पात्याचे शेपूट लाखेने वा राळेने बसविलेले असते. मूठ कडक उन्हात किंवा गरम पाण्याच्या वाफेवर धरल्यास लाख मऊ होऊन मूठ सुटते. ती विस्तवावर धरू नये. नवी मूठ बाभळीच्या वा शिसवीच्या वाळलेल्या लाकडाची करावी व तिला जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. मूठ सांबराच्या किंवा चितळाच्या शिंगाची असल्यास गोष्ट वेगळी. अशा वस्तूंची खरेदी-विक्री वर उल्लेखिलेल्या कायद्याच्या कक्षेत येते. तेव्हा आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारावे, नवे शिंग मुळीच आणू नये.

धार लावताना दोन सहाणी घ्याव्यात, एक खरबरीत व एक मऊ. पाते अडीच सेंटिमीटर रुंद असल्यास त्याची पाठ दगडापासून सुमारे ९ मिलिमीटर उचलावी. म्हणजे प्रत्येक बाजूस वीस अंशांच्या आसपास कोन साधतो. घासताना हा कोन कायम राखणे, एवढेच यातील कसब. एका बाजूने घासत गेल्यावर दुसऱ्या बाजूस धातूची बारीक कोर उलटून आलेली अंगठ्याच्या नखास आडवी लागते. ती सर्व लांबीभर लागल्याशिवाय बाजू बदलू नये. शेवटी मऊ सहाणीवर हलक्या हाताने ती कोर उतरवावी आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलट दिशेने ओढावे. ही सुरी म्हणजे कोयता नव्हे. तिने लाकूड फोडणे वा हाड तोडणे हे पाते व मूठ दोहोंच्या मुळावर येते.

घराबाहेर नेताना कायद्याचे भान ठेवावे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शिकारी सुरीस ती सवलत मिळेलच असे गृहीत धरू नये. शहरात १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये मनाई हुकूमही निघतात. वारजे आता शहरात असल्याने तेथील मंडळींनी पोलीस ठाण्यात चौकशी करून मगच सुरी बाहेर न्यावी, तीही पिशवीत व म्यानात.

काम संपल्यावर लिंबू, कांदा, कैरी यांचा रस किंवा झाडाचा चीक पात्यावर वाळू देऊ नये. पाते धुऊन, पुसून त्यावर खोबरेलाचे बोट फिरवावे. यंत्राचे तेल फळे कापण्याच्या सुरीस वर्ज्य समजावे. पावसाळ्यात सुरी चामड्याच्या म्यानात ठेवणे ही नेहमीची चूक आहे. चामडे ओल धरते आणि पाते आतल्या आत खाल्ले जाते. म्यान खुंटीवर टांगावे व सुरी तेलकट कापडात गुंडाळून निराळी ठेवावी.