आजोबांच्या लढाईची कादंबरी

आपल्या भागात गावोगावी पलटणीतून परत आलेले एखादे आजोबा असतातच. ते पारावर बसतात, पेन्शन आणायला जातात आणि २६ जानेवारीला पदके लावून शाळेत येतात. त्यांच्या लढाईवर आपल्या वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहायची, तर काय काय करावे लागते ते मी सांगणार आहे. माझी सात प्रकरणे लिहून झाली आहेत.

आधी इतिहास पक्का करावा. माझे आजोबा पहिल्या मराठा लाईट इन्फंट्रीत होते. हिलाच जंगी पलटण म्हणतात. तिची उभारणी १७६८ सालची. १९७१ साली ३ डिसेंबरला युद्ध पेटले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले. सुमारे ९३ हजार लोक कैद झाले आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. एवढे पुस्तकात सापडते. पण आजोबांची लढाई म्हणजे जमालपूर. हे गाव ब्रह्मपुत्रेच्या काठी आहे. आपल्या पलटणीने नदी ओलांडून गावाच्या पाठीमागे जाऊन ढाक्याकडचा रस्ता अडवला. आपल्या ब्रिगेडियरसाहेबांनी तिथल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला, शरण या, अशी चिठ्ठी एका स्थानिक माणसाच्या हाती धाडली. उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली! १० डिसेंबरच्या रात्री ते लोक वेढा फोडून निघाले, आणि त्यांची गाठ आपल्या मराठ्यांशी पडली. पुढे दोनच दिवसांत, टांगाईलजवळच्या पुंगली पुलापाशी, विमानातून उतरलेल्या छत्रीधारी पलटणीला आपले लोक जाऊन मिळाले. ती पलटणही मूळची मराठाच.

दुसरे काम म्हणजे आठवणी तपासणे. हे आजोबांना न दुखावता करावे लागते. ते म्हणाले, "आदी लई काळोख हुता, मग अर्ध्या रात्री निम्मा चांद वर आला." मी गुरुजींकडून माहिती काढली. त्या साली २ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा होती. म्हणजे १० तारखेला वद्य अष्टमीच्या आसपासची तिथी, आणि तेव्हाचा चंद्र मध्यरात्रीच उगवतो. आजोबांना जेवणाची वेळ आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचा चंद्र बिनचूक आठवतो.

तिसरी गोष्ट, कथा कोणी सांगायची? सगळे म्हणाले, शिपायाने. मला ते पटले नाही. शिपाई एकोणीस वर्षांचा, वाचणारी मुले अकरा-बारा वर्षांची. म्हणून मी आजोबांच्या धाकट्या बहिणीला नायिका केले. ती तेव्हा चौथीत होती. पणजीला वाचता येत नसे, त्यामुळे आंतरदेशीय पत्र आले की तीच मोठ्याने वाची. पत्रावर ठिकाणाचे नाव नसायचे, नुसता ९९ ए.पी.ओ. भाऊ कोणत्या मुलखात आहे तेच घरी ठाऊक नाही! पाटलांच्या रेडिओवर बातम्या लागल्या की ती कडब्याच्या गंजीमागे उभी राहून ऐके. आत्याआजी हे सांगताना अजून आवाज बारीक करते. अशाने लढाई घरात येते, असे मला वाटते.

आता अवघड भाग. आजोबांचे एक दोस्त, शेजारच्या गावचे, त्या रात्री गेले. आजोबा त्यांच्याबद्दल बोलत नाहीत. एकदा वही हातात घेऊन एवढेच म्हणाले, "तुझ्या गोष्टीत त्याला जित्ता ठिव की, पोरी. तुला कोन इचारतंय?"

मी चार दिवस काहीच लिहिले नाही. कादंबरीत कल्पना चालते, नावे-गावे बदलता येतात. पण तो परत आला असे लिहिले, तर आजोबा एवढी वर्षे का गप्प आहेत, हे वाचणाऱ्याला कळणार कसे? मग मी आणि आजी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायको आता थकल्या आहेत. मी विचारले, "आजी, लिहू का?" त्या म्हणाल्या, "लिव्ह. नाव घालू नगंस. पन त्यो लई मोठ्यानं हसायचा, पार वेशीपतूर ऐकू यायचं, त्ये घाल."

म्हणून माझ्या कादंबरीत तो मरतो. पण त्याआधीची दोन अख्खी प्रकरणे त्याची आहेत. तो बेळगावच्या ट्रेनिंगमध्ये हसतो, होडीत बूट ओले झाले म्हणून हसतो, तिथल्या गावकऱ्यांनी पदरातून चुरमुरे दिले तेव्हा हसतो. मरणाचा प्रसंग मी सहा ओळींतच लिहिला. रक्त-मांस लिहून मुलांना घाबरवण्यात मला काही मोठेपणा दिसत नाही.

शत्रूला राक्षसही केले नाही. कैद्यांतला एक जण आजोबांकडे पाणी मागत होता, आणि आजोबांनी दिले. ते तसेच ठेवले आहे.

आठव्या प्रकरणात आजोबा रजेवर घरी येतात, तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडलेला असतो आणि पणजी खडी फोडायला गेलेली असते. त्यासाठी मला माहिती हवी आहे. पालकांपैकी कोणी दुष्काळी कामावर गेले असेल, मिलोची भाकरी किंवा सुकडी खाल्ली असेल, तर मधल्या सुट्टीत मला सांगावे. पलटणीतून आलेली जुनी पत्रे असल्यास पाहायला द्यावीत. गुरुजींच्या कपाटात जपून ठेवून परत करू.