डेंग्यूचा ताप उतरल्यावर रक्त काय सांगते?

ताप उतरला की दुखणे हटले, असा सर्वसाधारण अनुभव असल्यामुळे तापमापकातील पारा खाली येताच घरच्या मंडळींच्या जिवात जीव येतो. बहुतेक तापांच्या बाबतीत हा अनुभव खरा ठरतो. डेंग्यू मात्र त्याला अपवाद आहे. या रोगातील सर्वांत धोक्याचा काळ पुष्कळदा ताप उतरू लागल्यावरच सुरू होतो. रुग्ण अंथरुणात उठून बसलेला असतो, अंगाला हात लावला तर ते थंड लागते. आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपत असण्याचा संभव असतो. डोळ्यांना न दिसणारी ही घटना रक्ताच्या साध्या तपासणीत उमटते. ती तपासणी कशी वाचावयाची, हे समजून घेणे त्यामुळेच अगत्याचे आहे.

सौम्य समजला गेलेला रोग

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार असून त्यांचा प्रसार मुख्यतः एडीस ईजिप्ती या दिवसा चावणाऱ्या डासाच्या मादीमार्फत होतो. डास चावल्यापासून साधारणतः ४ ते १० दिवसांनी एकाएकी ताप चढतो; डोके व डोळ्यांच्या मागील भाग दुखतो, सांधे आणि स्नायू ठणकतात. बहुसंख्य रुग्ण आठवडाभरात बरे होतात. त्यामुळे हा रोग त्रासदायक असला तरी जीवघेणा नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते.

फिलिपीन्समधील मनिला येथे १९५३-५४ मध्ये आणि थायलंडमधील बँकॉक येथे १९५८ मध्ये उद्भवलेल्या साथींनी हा समज खोटा ठरविला. लहान मुलांना रक्तस्राव होऊ लागला आणि रक्तदाब कोसळून ती दगावू लागली. भारतात १९६३-६४ मध्ये कलकत्त्यात रक्तस्रावासह डेंग्यूची मोठी साथ आली. बँकॉकच्या बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मनित्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांची काटेकोर निरीक्षणे केली. त्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये या रोगाच्या निदानाचे निकष प्रसिद्ध केले. या मुलांच्या जिवावर बेतत होते ते केवळ रक्त वाहून जाण्यामुळे नव्हे, तर मुख्यतः रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपण्यामुळे, ही गोष्ट या अभ्यासातून स्पष्ट झाली.

वाहिनीच्या भिंतीत काय बिघडते?

सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. या अस्तरावर शर्करायुक्त पदार्थांचा एक अत्यंत तलम थर असून त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. पाणी व क्षार यांची आवश्यक तेवढी देवघेव होऊ द्यावयाची, परंतु अल्ब्युमिनसारखी प्रथिने आतच रोखून धरावयाची, हे काम हा थर आणि अस्तराच्या पेशींमधील सांधे मिळून करतात.

डेंग्यूचा विषाणू वाढत असताना एनएस-१ नावाचे प्रथिन रक्तात सोडले जाते. २०१५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथील विद्यापीठांच्या संशोधक गटांनी हे प्रथिन स्वतःच वाहिन्यांचे अस्तर झिरपते करू शकते, असे प्रयोगांनी दाखवून दिले. या प्रथिनामुळे अस्तरावरील तलम थर सुटा होतो, असे पुढील संशोधनात आढळले. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतून एकाच वेळी मोठ्या प्रमाणात स्रवणारी द्रव्येही या बिघाडात भर घालतात. मग रक्तद्रव आणि त्यातील प्रथिने छातीच्या व पोटाच्या पोकळीत उतरतात.

एका प्रकारच्या विषाणूचा संसर्ग होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकारचा संसर्ग झाला, तर हा धोका वाढतो. पहिल्या वेळी तयार झालेले प्रतिपिंड दुसऱ्या प्रकाराला नष्ट करण्याऐवजी त्याच्या पेशीप्रवेशाला साहाय्य करू शकतात. क्यूबामध्ये १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली होती. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची साथ आली, तेव्हा ३,४४,२०३ रुग्णांची नोंद होऊन १५८ जण मृत्युमुखी पडले.

या बिघाडात दिलासा देणारी एक बाब आहे. वाहिन्यांच्या भिंती फाटून नष्ट होत नाहीत. त्यांचे रोखून धरण्याचे कार्य तेवढे काही काळ ढासळते. ही अवस्था सामान्यतः २४ ते ४८ तास टिकते. तेवढा वेळ रुग्णाला सांभाळून नेले, तर भिंती पूर्ववत होतात.

दोन आकड्यांची सांगड

डेंग्यूचे नाव निघताच चर्चा होते ती बिंबाणूंची, म्हणजे दवाखान्यात ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्यांची. निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला सुमारे दीड ते चार लाख बिंबाणू असतात. डेंग्यूमध्ये ते झपाट्याने घटतात. एक लाखाच्या आतील संख्या ही सावधगिरीची खूण होय. परंतु वाहिन्या झिरपू लागल्या आहेत किंवा कसे, हे केवळ या आकड्यावरून कळत नाही. ते सांगतो हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण.

द्रव बाहेर गेला आणि तांबड्या पेशी आतच राहिल्या, तर रक्त दाट होते व हा आकडा चढतो. आमटी आटली की तिच्यातील डाळ वाढल्यासारखी दिसते, तसाच हा प्रकार आहे. मूळ आकड्यात शेकडा २० किंवा अधिक वाढ होणे, हा द्रव झिरपत असल्याचा महत्त्वाचा पुरावा मानला जातो. उदाहरणार्थ, ४० चे ४८ झाले, तर ही मर्यादा गाठली जाते.

येथे एक धोका संभवतो. रक्तक्षय असलेल्या एखाद्या स्त्रीचा नेहमीचा आकडा ३२ असेल आणि तो ३९ वर गेला, तर अहवालावर ‘सामान्य’ असाच शेरा येईल. प्रत्यक्षात ही वाढ शेकडा २० हून अधिक आहे. म्हणून तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवणे आवश्यक असते. पुढील प्रत्येक आकड्याचा अर्थ या पहिल्या आकड्याशी ताडूनच लागतो. बिंबाणू वेगाने घटत असताना हिमॅटोक्रिट चढू लागणे, हा सर्वांत बोलका इशारा होय. याउलट, रुग्णाची प्रकृती ढासळत असताना हा आकडा एकाएकी उतरला, तर शरीरात आतल्या आत रक्तस्राव होत असल्याची शंका घ्यावी लागते.

निदानासाठी करावयाच्या तपासण्यांनाही काळवेळ असते. एनएस-१ प्रतिजन पहिल्या काही दिवसांत सापडते; आयजीएम प्रतिपिंड साधारणतः पाचव्या दिवसापासून आढळू लागतात. या दुसऱ्या तपासणीचे संच पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते व ते देशभरातील निवडक रुग्णालयांना पुरविले जातात. मात्र निदान पक्के झाले म्हणजे धोका मोजला गेला असे नव्हे. त्यासाठी रक्ताची तपासणी पुनःपुन्हा करावी लागते.

उपचारांतील तोल

डेंग्यूच्या विषाणूवर सर्वमान्य असे खास औषध नाही. उपचारांचा गाभा आहे तो योग्य वेळी, योग्य प्रमाणात द्रव देणे. तीव्र स्वरूपाच्या रोगात उपचारांअभावी मृत्यूचे प्रमाण शेकडा २० पर्यंत जाऊ शकते. वेळीच उपचार मिळाल्यास ते शेकडा १ च्याही खाली राहते. परंतु अधिक द्रव देणेही घातक ठरते. भिंती सावरल्यावर बाहेर गेलेला द्रव रक्तात परततो, आणि शिरेतून देणे चालूच राहिले तर फुप्फुसांत पाणी साचते. केवळ आकडा कमी दिसतो म्हणून बिंबाणू चढविण्याचा आग्रहही योग्य नव्हे. सिंगापूर व मलेशिया येथील प्रौढ रुग्णांच्या चाचणीत, रक्तस्राव नसताना बिंबाणू दिल्याने तो टळतो असे आढळले नाही. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

घरी शुश्रूषा करताना तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस विशेष लक्ष ठेवावे. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, अस्वस्थता वा ग्लानी यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात हलवावे.

रोग टाळण्याचा उपाय प्रत्येकाच्या अंगणातच आहे. एडीस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून हौद, पिंपे व रांजण घासून कोरडे केले, तर डासाची पैदास खुंटते. फवारणीचे काम शासकीय यंत्रणा करील. घरातील रांजण मात्र घरच्यांनीच उपडा करावयाचा आहे. आणि इतके करूनही घरात डेंग्यू आलाच, तर पहिल्या तपासणीचा कागद जपावा व ताप उतरताच पहारा सैल करू नये. रुग्णाचा जीव वाचविण्यात या दोन गोष्टींचा वाटा फार मोठा असतो.