छाप पारखताना

डच चित्रकार रेम्ब्रांटची म्हणून तांब्याच्या प्लेटवरून काढलेली एखादी छाप कुणी तुझ्यापुढे ठेवली, तर चेहरा नंतर बघ. आधी कागद उजेडावर धर. त्याच्या काळचा युरोपातला कागद तारांच्या साच्यात बनायचा आणि त्या तारांच्या रेघा उजेडात स्पष्ट दिसतात. रेघ नसलेला एकसारखा कागद तिकडे आला अठराव्या शतकाच्या मध्याला. रेम्ब्रांट गेला १६६९ साली. हिशेब तूच कर.

प्लेटच्या कडेचा दाब उमटलेला दिसला, तरी हुरळून जायचं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आमाँ-द्युराँनं मूळ छापांच्या फोटोंवरून तांब्याच्या प्लेटा केल्या. त्यांच्या छापांनाही तो दाब असतोच. कागदाच्या मागे त्याचा लाल शिक्का शोध, पण तो सापडला नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस.

आणि जुनं ते सगळं दुर्मीळ, असं मुळीच नाही. रेम्ब्रांटच्या कितीतरी प्लेटा त्याच्यामागे टिकल्या, हातोहाती फिरल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस बासाँ नावाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्यानं त्यांवरून पुन्हा भरपूर छापा काढल्या. झिजलेल्या रेघांच्या, फिकट. त्यांना रेम्ब्रांटचं नाव आहे, हात नाही.

खरं दुर्मीळ म्हणजे त्याचं १६२९ चं आत्मचित्र. लायडनमधला तेविशीच्या आसपासचा पोरगा, उघडं डोकं, विस्कटलेले केस. याच्या दोनच छापा आज ठाऊक आहेत: एक ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, दुसरी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. अंगरख्यावरच्या रेघा नीट बघ. त्या जोडीनं धावतात, म्हणजे अवजाराला दोन टोकं असणार. सुईची शिस्त सोडून त्यानं बोरूसारखं सुसाट ओढलंय. सही आणि साल मात्र उलटं उमटलंय. आरशात बघून काढलेला चेहरा आधीच उलटा असतो, छापताना तो सुलटा होतो. अक्षरं तांब्यावर सरळ लिहिली की कागदावर उलटी येतात. एवढी साधी गोष्ट त्या झपाट्यात त्यानं सोडून दिली. १६३९ चं, दगडी कठड्यावर हात टेकलेलं त्याचं रुबाबदार आत्मचित्र लोकांना जास्त आवडतं. मला विचारशील तर हे आडदांड चित्र त्याहून मोठं आहे.

त्या १६२९ च्या चित्रानंतर पुढच्याच वर्षी त्यानं आरशासमोर हसून, कपाळाला आठ्या घालून, डोळे विस्फारून छोट्या छोट्या प्लेटा केल्या. विस्फारल्या डोळ्यांचं चित्र जेमतेम पाच सेंटीमीटर उंच आहे. तूही एवढाच पत्रा घे, आरसा घे आणि बस. पहिल्या कच्च्या छापा टाकून देऊ नकोस. प्रत्येकीवर तारीख घाल.

राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर त्या १६२९ च्या छापेचा मोठा फोटो फुकट मिळतो, तो आजच उतरवून घे. लंडनला जाणं झालं, तर ब्रिटिश म्युझियमच्या छापचित्र विभागाला आधी कळवून वेळ ठरव. तिथे अशी चित्रं मागितल्यावर टेबलावर आणून दाखवतात.